चतुर्थी तोंडावर आणि अंगात त्राण नाही

वाचकाचे पत्र :

नमस्कार. मी ३९ वर्षांची. साखळीजवळच्या गावात राहते, कुंडईच्या एका औषध कारखान्यात पॅकिंगला आहे. मे २०२१ मध्ये घरातल्या सगळ्यांना कोविड झाला. सासरे इस्पितळात गेले ते परत आले नाहीत. नवरा अकरा दिवस ऑक्सिजनवर होता, त्याला स्टिरॉइडची इंजेक्शने आणि नंतर गोळ्याही दिल्या. मी घरीच बरी झाले, पण पूर्वीसारखी कधी झालेच नाही. रविवारी घर झाडून-पुसून कपडे धुतले की सोमवारी फारसे काही वाटत नाही, मंगळवारी मात्र अंथरुणातून उठवत नाही. अंग ठणकते, घसा दुखतो, समोरचा काय बोलतो ते डोक्यात शिरत नाही. अंघोळीला उभी राहिले की छाती धडधडते. एका डॉक्टरांनी टॉनिक दिले, दुसऱ्यांनी रोज पाऊण तास चालायला सांगितले. दोन आठवडे चालले आणि मग आठ दिवस रजा घ्यावी लागली. सासूबाई म्हणतात, "आमचा तर माणूस गेला, तरी उठून कामाला लागलो, तुला काय झालेय?" नवरा काही बोलत नाही. त्याचीही जांघ अधूनमधून दुखते, बाइकमुळे म्हणतो. आता चतुर्थी आली. आमचे मूळ घर, गणपती पाच दिवसांचा, चाळीसेक माणसे जेवायला. हे खरेच आजारपण आहे की मी आळशी झाले?
– एक वाचक, साखळी

उत्तर :

ताई, तुम्ही आळशी नाही. आळशी माणूस रविवारी घर पुसून कपडे धुवत नाही आणि डॉक्टरांनी सांगितले म्हणून दोन आठवडे नेमाने चालतही नाही.

तुमच्या पत्रातली सर्वांत मोलाची माहिती म्हणजे रविवारचे काम आणि मंगळवारचे आजारपण. साधा थकवा काम करतानाच येतो आणि एका रात्रीच्या झोपेने उतरतो. तुमचा थकवा श्रमानंतर १२ ते ४८ तासांनी येतो, येताना घसादुखी, अंगदुखी आणि डोक्यातले धुके घेऊन येतो आणि कित्येक दिवस मुक्काम ठोकतो. श्रमानंतर उशिरा होणारी ही घसरण लाँग कोविडच्या अनेक रुग्णांत दिसते. संसर्गानंतर तीन महिन्यांनीही त्रास असेल, तो किमान दोन महिने टिकला असेल आणि त्याला दुसरे कारण सापडत नसेल, तर त्याला लाँग कोविड म्हणावे, अशी व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये केली. जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी अशा २५ रुग्णांच्या मांडीच्या स्नायूचे तुकडे तपासले, एकदा सायकल चालवण्याआधी आणि एकदा चालवल्याच्या दुसऱ्या दिवशी. पेशींची ऊर्जा तयार करण्याची क्षमता श्रमानंतर घटलेली होती आणि स्नायूत इजेच्या खुणा वाढल्या होत्या. म्हणजे हा त्रास मनाचा खेळ नाही, स्नायूत दिसणारी गोष्ट आहे. सासूबाईंना हे एवढे एक वाक्य जरूर सांगा.

पाऊण तास चालण्याचा सल्ला तुम्हाला का बाधला, तेही यातच आले. कोविडनंतर नुसती दमछाक उरलेल्या माणसाला रोज थोडे वाढवत नेलेले चालणे उपयोगी पडते. उशिराची घसरण असलेल्या माणसाला तोच सल्ला आणखी खाली ढकलतो. डॉक्टरांनी वाईट हेतूने सांगितले नसणार. "चालल्यानंतर दोन दिवसांनी काय होते?" हा प्रश्न बहुधा विचारायचा राहिला. पुढच्या वेळी त्यांनी विचारायची वाट न पाहता तुम्हीच ते सांगा.

मात्र लाँग कोविडचा शिक्का मारण्याआधी, औषधाने बरी होणारी कारणे बाजूला काढायलाच हवीत. कोविडच्या नावाखाली थायरॉइड आणि रक्तक्षय वर्षानुवर्षे लपून राहतात, आणि तसे होणे फार वाईट, कारण त्यांचा इलाज स्वस्त आणि सोपा आहे. तुमच्या ईएसआय (कामगार विमा) दवाखान्यात किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात या तपासण्या मागा : सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन आणि त्याच्या जोडीला सीआरपी (दाहाची चाचणी), टीएसएच (थायरॉइडची), एचबीएवनसी (साखरेची), बी-१२, ड जीवनसत्त्व, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), यकृताच्या चाचण्या, ईसीजी आणि छातीचा एक्स-रे. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. हिमोग्लोबिन ठीक असूनही तो ३० च्या खाली असेल तर थकवा त्यामुळे असू शकतो, विशेषतः पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर. शरीरात कुठे दाह असला तर फेरिटिन उगाच वर दिसते, म्हणून सोबत सीआरपी. एचबीएवनसी ६.५ किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेह. कोविडनंतर तो नव्याने सुरू झालेली माणसे पुष्कळ आहेत. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला असेल तर थुंकीची क्षयासाठी तपासणी टाळू नका. आणि रात्री घोरता का, हे नवऱ्याला विचारा. झोपेत श्वास अडत असेल तर सकाळी उठताना अंग असेच मोडलेले असते.

आता अंघोळीतल्या धडधडीकडे वळू. २०२१ मध्ये घराघरांत घेतलेला ऑक्सिमीटर तुमच्याकडेही कपाटात पडलेला असेल. त्याचे सेल बदला. त्यावर ऑक्सिजनच्या आकड्याबरोबर नाडीचे ठोकेही दिसतात, आपल्याला ते हवे आहेत. बोटाला नेलपॉलिश किंवा मेंदी नसावी आणि हात गार नसावेत, नाहीतर आकडे चुकतात. सकाळी चहाआधी, घरातले कोणी जवळ असताना, दहा मिनिटे शांत आडवे पडा आणि ठोके लिहून ठेवा. मग उठून भिंतीला पाठ टेकवून उभ्या राहा, टाचा भिंतीपासून वीतभर पुढे. न बोलता, न हलता दर मिनिटाला ठोके लिहा, असे दहा मिनिटे. चक्कर आली किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच आडवे व्हा, चाचणी पूर्ण करायचा हट्ट नको. शक्य असेल तर रक्तदाबही मोजा. रक्तदाब फारसा न उतरता ठोके ३० किंवा त्याहून जास्त वाढले आणि वाढलेलेच राहिले, तर तो कागद डॉक्टरांना दाखवा. उभे राहिल्यावर रक्त पायांकडे साचते आणि हृदयाला धावावे लागते, असा हा बिघाड असतो. कोविडनंतर तो बऱ्याच जणांत, त्यातही तरुण आणि मध्यमवयीन बायकांत दिसतो. कडक पाण्याने रक्तवाहिन्या आणखी सैल होतात, म्हणून अंघोळीतच जास्त जाणवतो. कोमट पाणी घ्या आणि स्टुलावर बसून अंघोळ करा. हे आजपासूनच करता येईल.

अशा धडधडीत पाणी आणि मीठ दोन्ही उपयोगी पडतात, आणि इथे आपल्या घरांतली दहा-अकराची पेज कामाला येते. मीठ घातलेली पेज, सोबत तोराचे (कोवळ्या कैरीचे) लोणचे, म्हणजे पाणी, मीठ आणि थोडी ताकद एकाच भांड्यात. कारखान्यात फ्लास्क न्या. दिवसभरात सगळे मिळून दोन ते अडीच लिटर द्रव पोटात जाऊ द्या, एकदम नको, थोडे थोडे. पण आधी रक्तदाब मोजून घ्या. तो चढा असेल, किंवा मूत्रपिंडाचा वा हृदयाचा त्रास असेल, तर जादा मीठ तुमच्यासाठी नाही. ओआरएसचे पाकीट घेतलेत तर त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच मिसळा, मोठे पाकीट बहुधा एक लिटरचे असते. अर्धे पाकीट ग्लासभर पाण्यात ढवळले की ते अति खारट होते आणि उलट बाधते.

तपासण्या होत राहतील, तोवर दोन आठवडे एक वही ठेवा. सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा तीनच ओळी : काय केले, किती वेळ, थकवा दहापैकी किती. डोक्याचे कामही लिहा. बँकेतली रांग, मुलाचा अभ्यास, सासूबाईंशी झालेला वाद, सगळे. श्रम फक्त हातापायांचे नसतात, वादानेही मंगळवार उजाडतो. आडव्या पडलात की वहीत दोन दिवस मागे जाऊन पाहा. तीन-चार वेळा असे पाहिले की नेमके काय महागात पडते ते तुमचे तुम्हालाच कळेल. अनेकींच्या बाबतीत ते एखादे मोठे काम नसते. लागोपाठ, न बसता केलेली तीन छोटी कामे असतात.

मग रोजचे काम त्या मर्यादेच्या खाली ठेवायचे. जेवढे झेपेल असे वाटते, त्याच्या दोन-तृतीयांशावर थांबा. कठीण आहे ते चांगल्या दिवशी थांबणे. बरे वाटले की राहिलेली सगळी कामे उरकण्याचा मोह होतो आणि तिथेच पुढची घसरण ठरते. ठोक्यांवरून अंदाज घ्यायचा असेल तर सात दिवस सकाळी अंथरुणातच ठोके मोजून सरासरी काढा आणि तीत १५ मिळवा. सरासरी ७८ असेल तर ९३. काम करताना ठोके त्याच्या वर जाऊन राहिले की बसा, पाय वर घ्या. ठोके कमी करणारी गोळी चालू असेल तर हे गणित लागू नाही. दोन-तीन आठवडे एकही घसरण झाली नाही तर कोणतीही एकच गोष्ट साधारण दहा टक्क्यांनी वाढवा. दोन नाही. घसरण झाली तर मागच्या पायरीवर परत.

आता चतुर्थी. यातून सुटका नाही हे आम्हाला कळते, आणि सण सोडा असा सल्ला मूळ घरच्या सुनेला देण्यात अर्थही नाही. पण पाच दिवसांचे काम तयारीच्या दहा-बारा दिवसांत कसे पसरायचे, हे तुमच्या हातात आहे. घराची सफाई तुम्ही करायची नाही. दोन दिवसांसाठी माणूस लावा किंवा दीर-पुतण्यांवर सोपवा. धूळ, ओली फडकी आणि वाकणे या तिन्हींनी मिळून तुमचा आठवडा जाईल. नेवऱ्या स्वयंसाहाय्य गटांकडून विकत आणा. घरच्याच हव्यात असा आग्रह असेल तर सारण एका दिवशी, लाटणे आणि भरणे दुसऱ्या दिवशी, तळणे तिसऱ्या दिवशी, आणि तळायला दुसरे कोणी. गरम तेलापुढे तासभर उभे राहणे हे तुमच्यासाठी सर्वांत वाईट काम. खतखत्याच्या भाज्या चिरणे, पातोळ्यांना हळदीची पाने पुसणे हे टेबलापाशी खुर्चीत बसून होते, ते घ्या. पण विळीवर वाकून दहा नारळ खवणे नको. त्यासाठी टेबलाला बसणारे खवणी यंत्र आणा.

चाळीस माणसे एकाच दिवशी जेवायला आलीच पाहिजेत का, हे जावांशी आत्ताच बोला. पहिला दिवस सोडून उरलेल्या चार दिवसांचे जेवण घराघरांत वाटून घेता येते. वाटणी आरतीच्या वेळी तोंडी ठरवू नका, आदल्या आठवड्यात कागदावर लिहा, नाहीतर शेवटी ते मूळ घराच्या सुनेवरच येते. तुम्ही रोज दुपारी जेवणानंतर तासभर आडव्या पडायचे, दार लोटून, दमला नसलात तरी. आणि विसर्जनानंतरचे तीन दिवस रजा आत्ताच मागून ठेवा, कारण खरी परीक्षा त्या दिवसांत आहे.

आरतीला घुमटे वाजत असताना खोलीत माणूस माणसाला चिकटून उभा असतो, बाहेर पाऊस, खिडक्या बंद. पुन्हा संसर्ग झाला तर तुमची आधीची दुखणी वाढू शकतात. म्हणून दोन समोरासमोरच्या खिडक्या उघड्या, पंखा चालू आणि सर्दी-ताप असलेल्या पाहुण्याला प्रेमाने पण स्पष्टपणे "बरे झाल्यावर या". तुम्ही दाराजवळ, खुर्चीत. घरात कोणाला ताप आला तर तो कोविडच असेल असे धरून बसू नका. या दिवसांत डेंगी आणि लेप्टोस्पायरोसिसही असतात, रक्त तपासून घ्या.

कारखान्याबद्दल. पगार ईएसआयच्या मर्यादेत असेल आणि वर्गणी नियमित भरली असेल, तर ईएसआयच्या डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के आजारपण लाभ मिळतो. रजा बिनपगारी टाकण्याआधी हे विचारा. प्रमाणपत्रावर नुसते "अशक्तपणा" लिहून घेऊ नका, कारण ते वाचून कोणी काही बदलत नाही. डॉक्टरांना कामाच्या भाषेत लिहायला सांगा : सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त उभे राहू नये, बसून करण्याचे काम द्यावे, रात्रपाळी नको. पॅकिंगमध्ये बसून करायची तपासणी आणि लेबलांची कामे असतात. सुपरवायझरला नेमके काय हवे ते सांगितले की त्याला नाही म्हणणे जड जाते.

लाँग कोविड हमखास बरे करणारे औषध आजही नाही. म्हणून "डिटॉक्स", सलाइनमधून जीवनसत्त्वे, महागडी पावडर यांवर पैसे घालवू नका. मे २०२१ मध्ये गोव्यात १८ वर्षांवरील सर्वांना आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचे औषध देण्याचे जाहीर झाले होते. तेव्हाच्या पट्ट्या घरात उरल्या असतील तर फेकून द्या. पूर्ण बरे वाटण्याची तारीख आम्ही देणार नाही. इतक्या वर्षांनी सुधारणा होते ती हळू, आणि काहींना मर्यादा कायमच्या राहतात. पण घसरणी थांबल्या की महिन्यातले चांगले दिवस वाढतात, आणि हे तुमच्या वहीतच दिसेल.

श्रम करताना छातीत दुखले, शुद्ध हरपली, एकच पाय सुजला, किंवा बसल्या जागी ऑक्सिजन ९४ च्या खाली राहिला, तर वही बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा.

सासूबाईंच्या बोलण्याने तुम्ही दुखावल्या आहात, आणि ते साहजिक आहे. तरी त्यांचे वाक्य पुन्हा वाचा : "आमचा तर माणूस गेला." मे २०२१ मध्ये गोव्यातल्या ऑक्सिजनचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेला होता, इतकी परिस्थिती बिकट होती. त्या दिवसांत गेलेल्या माणसांना घरी आणता आले नाही, शेवटचे पाहता आले नाही, बाराव्याला माणसे जमली नाहीत. ज्या दुःखाला रडायला जागाच मिळाली नाही, ते कामात गाडले जाते, आणि मग समोर कोणी आडवे पडलेले पाहवत नाही. त्या कठोर वाटतात, पण आम्हाला त्यांच्या बोलण्यात भीतीच जास्त ऐकू येते. चतुर्थीनंतर पितृपक्षात म्हाळ येतो. यंदा तेव्हा अंत्ययात्रेला येऊ न शकलेल्या दोन-चार नातलगांना बोलवा, सासऱ्यांचा फोटो बाहेर काढा, त्यांच्याबद्दल मोठ्याने बोला. सासूबाईंना झोप लागत नसेल, जेवण सुटले असेल, जगण्यात रस उरला नसेल, तर १४४१६ या टेलिमानस (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) क्रमांकावर मराठीतही बोलता येते, फोन फुकट आहे. बांबोळीच्या मनोरुग्णालयात जायला त्या तयार होणार नाहीत, पण फोनवर बोलतील.

एक गोष्ट आम्ही शेवटी सांगतो आहोत, पण करायची सर्वांत आधी. तुमच्या नवऱ्याची जांघ. स्टिरॉइडने २०२१ मध्ये असंख्य जीव वाचवले, त्यांचाही वाचवला असेल. पण त्या औषधाने काही जणांत खुब्याच्या गोलाकार हाडाचा रक्तपुरवठा तुटतो आणि हाड हळूहळू मरते. दुखणे जांघेत किंवा मांडीच्या पुढच्या बाजूला येते, कधी गुडघ्यात जाणवते, मांडी घालून बसताना आणि बाइकवरून पाय टाकताना वाढते. सुरुवातीला साधा एक्स-रे चांगला येतो आणि माणूस निश्चिंत होतो, चूक तिथेच होते. दोन्ही खुब्यांचा एमआरआय करावा लागतो, दुखत एकच असला तरी. हाड खचण्याआधी कळले तर सांधा वाचवण्याचे उपाय असतात, खचल्यावर बहुधा सांधा बदलावा लागतो. कदाचित त्यांचे दुखणे खरेच बाइकचे असेल. पण चतुर्थी होऊ दे मग बघू, असे नको. या आठवड्यात त्यांना हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवा, इस्पितळातून घरी सोडतानाचा २०२१ चा कागद बरोबर द्या, त्यावर स्टिरॉइडचे नाव आणि दिवस असतात. आणि अहवाल येईपर्यंत शिडीवर चढून माटोळी (गणपतीवर टांगायची फळांची आरास) बांधण्याचे, नारळ-सुपाऱ्यांचे घड वर चढवण्याचे काम यंदा त्यांच्याकडे देऊ नका, पुतण्यांना करू द्या.